गप्पीच्या पोटाखाली लाल धागे दिसतायत, काय करू?

प्रश्न: माझ्याकडे दोन फुटी टँक आहे. लांबी ६०, रुंदी ३०, उंची ३८ सेंटिमीटर. त्यात १४ गप्पी, ५ कोरीडोरस, ४ नेराइट गोगलगायी आणि भरपूर झाडं आहेत. महिनाभरापूर्वी काही नवीन गप्पी आणून थेट टँकमध्ये सोडले. आता तीन माद्यांच्या गुदद्वारातून बारीक लाल धागे बाहेर येताना दिसतात. दोन नर खंगत खंगत मेले. दुकानदाराने मेट्रोनिडाझोल दिलं, ते पाच दिवस टाकलं, मीठही टाकलं, पण फरक नाही. धागे चिमट्याने ओढून काढू का? औषध कोणतं आणि किती टाकू? ज्या माशांना काही दिसत नाही त्यांनाही द्यायचं का? गोगलगायी मरतील का? घरात लहान मुलं आहेत, हे जंत माणसाला होतात का?

उत्तर: सगळ्यात आधी चिमटा बाजूला ठेवा. हे जंत आतड्याच्या शेवटच्या भागात तोंड रुतवून बसलेले असतात. त्यांच्या तोंडात कडक, शिंपल्यासारखी पकड असते आणि ती आतड्याच्या अस्तरात घट्ट बसते. धागा ओढला तर एक तर जंत मधेच तुटतो, नाहीतर आतड्याचं अस्तर फाटून बाहेर येतं. असा मासा वाचणं अवघड असतं. औषध नीट दिलं की जंत स्वतःहून पकड सोडतात.

तुमच्या वर्णनावरून हा कॅमॅलॅनस जातीचा गोलकृमी दिसतो. गप्पी, प्लॅटी, मॉली यांसारख्या पिल्लं घालणाऱ्या माशांमध्ये तो फार आढळतो आणि एंजल, बेट्टा यांनाही होतो. तरी औषध आणण्याआधी एकदा खात्री करून घ्या. सकाळी दिवा लावल्याबरोबर, मासे अजून सुस्त असताना, बॅटरीचा उजेड बाजूने टाकून मादीच्या गुदद्वाराकडे बघा. जंत असतील तर दोन-चार मिलिमीटर लांबीचे, विटकरी लाल रंगाचे, ताठ केसांसारखे टोक बाहेर आलेले दिसतील. बऱ्याचदा ते एकापेक्षा जास्त असतात आणि पंख्यासारखे थोडे फाकलेले दिसतात. मासा स्थिर असेपर्यंत ते बाहेर राहतात. तो झटक्याने पोहायला लागला की आत ओढले जातात आणि थांबला की परत डोकावतात. लाल रंगाचं खाणं, विशेषतः ब्लडवर्म, दिल्यावर विष्ठाही लालसर होते. पण विष्ठेची दोरी लोंबकळते, पाण्याबरोबर हलते आणि थोड्या वेळात तुटून पडते. ती आत-बाहेर होत नाही. फरक कळायला एवढी एक खूण पुरते.

मेट्रोनिडाझोलने फरक पडला नाही यात औषध कमी पडलं असं काही नाही, ते या रोगाचं औषधच नव्हे. ते आतड्यातल्या एकपेशीय परजीवींवर, म्हणजे स्पायरोन्युक्लियस किंवा हेक्झामिटा म्हणतात त्यांच्यावर चालतं. जंत हा अनेकपेशीय प्राणी आहे, त्याच्या शरीराचं कामच वेगळ्या पद्धतीने चालतं. ‘पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा म्हणजे मेट्रोनिडाझोल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यात बऱ्याच माशांचे मोलाचे दिवस वाया जातात. मिठाचंही तसंच आहे. आतड्याच्या आत बसलेल्या जंतापर्यंत टँकमधलं मीठ पोचत नाही, आणि जंत मरेल इतकं मीठ टाकायचं म्हटलं तर त्याआधी कोरीडोरस आणि झाडं मरतील. म्हणून नवीन औषध टाकायच्या आदल्या दिवशी निम्मं पाणी बदलून घ्या आणि फिल्टरमध्ये २४ तास ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, म्हणजे उरलेलं मेट्रोनिडाझोल निघून जाईल. मीठ कार्बनने निघत नाही, ते पाणी बदलूनच कमी होतं.

ज्यांना काही दिसत नाही त्यांनाही औषध द्यायचं का, हा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. हो, सगळ्यांना, आणि त्याच टँकमध्ये. या जंताची मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्या सोडते, आणि त्यासाठीच ती गुदद्वारातून टोक बाहेर काढते. निसर्गात या अळ्या सायक्लॉप्ससारख्या बारीक कवचधारी जिवांच्या पोटात जातात आणि तो जीव माशाने खाल्ला की माशात पोचतात. टँकमध्ये मात्र या मधल्या पायरीची गरज उरत नाही. अळ्या तळाशी वळवळत राहतात, मासे त्यांना खाणं समजून टिपतात आणि थेट माशात लागण होते. म्हणूनच बंद टँकमध्ये हा रोग इतक्या झपाट्याने पसरतो. लाल टोकं दिसतात ती पूर्ण वाढलेल्या माद्यांची. लहान जंत आणि नर आतच असतात. तीन माद्यांमध्ये जंत दिसतायत याचा अर्थ बाकीचे ११ मासे सुटले असा होत नाही. तळातलं अन्न चाळणाऱ्या कोरीडोरसना तर लागण झालेलीच आहे असं धरून चाला.

औषध आहे लेव्हामिसोल. ते जंताच्या स्नायूंवर काम करतं. स्नायू आखडून जंत लुळा पडतो, पकड सुटते आणि तो विष्ठेबरोबर बाहेर फेकला जातो. पाण्यात ते सहज विरघळतं आणि मासा खात नसला तरी पाण्यातून त्याच्या शरीरात जातं. आजारी मासे खाणं सोडतात, त्यामुळे ही फार मोठी सोय आहे. फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना आणि झाडांना ते बाधत नाही, आणि कोरीडोरस, लोच यांसारख्या नाजूक समजल्या जाणाऱ्या माशांनाही मानवतं.

मात्रा १ लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम. आता प्रत्यक्ष पाणी किती ते नीट मोजा, कारण घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. टँकचं बाहेरचं माप धरू नका. काचेच्या आतली लांबी तुमच्याकडे साधारण ५९ आणि रुंदी २९ सेंटिमीटर असेल. उंची मोजायची ती खडीच्या वरच्या थरापासून पाण्याच्या पातळीपर्यंत. समजा ती २९ सेंटिमीटर भरली, तर ५९ गुणिले २९ गुणिले २९ भागिले १००० म्हणजे जवळपास ५० लिटर. खडीच्या फटींत थोडं पाणी असतं आणि दगड-लाकडं तेवढीच जागा खातात, त्यामुळे ही बेरीज-वजाबाकी एकमेकांत जिरते. ५० लिटरला १०० मिलिग्रॅम औषध लागेल.

लेव्हामिसोलच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात. एक गोळी बारीक कुटून १५० मिलिलिटर कोमट पाण्यात घाला, झाकण लावून चांगली हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. औषध विरघळतं, गोळीतला भुसा तळाशी बसतो. आता वरच्या पाण्यात दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम औषध आहे. त्यातलं १०० मिलिलिटर मोजून घ्या. पावडर मिळाली तर डब्यावर १ ग्रॅममध्ये शुद्ध लेव्हामिसोल किती ते वाचा. काही पावडरींमध्ये ते दहा टक्केच असतं, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषधासाठी अख्खी १ ग्रॅम पावडर लागेल. तिथे शुद्ध पावडर समजून १०० मिलिग्रॅम टाकलं तर मात्रा दहापट कमी पडेल, आणि कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढच्या वेळी दाद देत नाहीत.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गुराढोरांसाठी लेव्हामिसोलमध्ये दुसरं जंतनाशक मिसळलेली औषधं येतात. ती टँकमध्ये टाकू नका. त्या दुसऱ्या औषधांतली काही माशांना थेट विषारी असतात. निक्लोसामाइड तर नको असलेले मासे मारण्यासाठी वापरलं जातं. आयव्हरमेक्टिनही नको, माशांच्या बाबतीत त्याच्या उपयोगी आणि घातक मात्रेत फारच थोडं अंतर आहे. डब्यावर फक्त लेव्हामिसोल किंवा लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड एवढंच लिहिलेलं असायला हवं. शंका आली तर पशुवैद्यकाला डबा दाखवून विचारा. गोळी कुटताना हातमोजे घाला आणि नाकातोंडावर मास्क बांधा. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायक रीतीने कमी होऊ शकतात, त्यामुळे ते मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने याला हात लावू नये.

औषधाच्या दिवसाचा क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी, निम्मं पाणी बदलतानाच, खडी सायफनने साफ करा. साचलेला गाळ औषध शोषून घेतो. त्या दिवशी खाणं देऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा असेल तर बंद करा, पण फिल्टर चालूच राहू द्या. एअर पंप लावा किंवा असलेला वाढवा. मग औषधाचं पाणी फिल्टरच्या धारेसमोर हळूहळू ओता, म्हणजे ते सगळीकडे सारखं पसरेल. टँकचा दिवा बंद करा आणि टँकवर चारही बाजूंनी जाड कापड टाका. लेव्हामिसोल उजेडात निकामी होत जातं, आणि औषध टाकून दिवा तसाच चालू ठेवल्यामुळे फसलेले उपचार कितीतरी असतात. वर हवेला जागा राहील एवढं बघा. झाडांना एक दिवसाचा अंधार काही करत नाही. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तेवढा वेळ बंद ठेवा. तापमान नेहमीइतकंच असू द्या, वाढवू नका, कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

औषध टाकल्यावर तासा-दोन तासांत कापड थोडं उचलून बघा. काही मासे जरा अस्वस्थ दिसतील, ते चालेल. पण मासे तोल जाऊन कलंडत असतील किंवा पृष्ठभागावर धापा टाकत असतील तर हिशोब चुकलाय असं समजा, ताबडतोब निम्मं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये कार्बन घाला. सगळं नीट असेल तर काही तासांतच खडीवर बारीक लाल-तपकिरी धागे पडलेले दिसायला लागतात. काही माशांच्या गुदद्वारातून लुळे पडलेले जंत लोंबत असतील. तेही ओढू नका, सुटू द्या.

२४ तासांनी सायफन. हे काम औषधाइतकंच महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच घाईघाईत उरकलं जातं. खाली पडलेले जंत मेलेले नसतात, लुळे असतात. औषध उतरलं की ते पुन्हा हलू शकतात. त्यातल्या माद्यांच्या पोटात अळ्या असतात, आणि भुकेले मासे ते जंत गिळायलाही कमी करत नाहीत. म्हणून सायफनची नळी खडीत खुपसत, चौरसा-चौरसाने, दगड उचलून, लाकडाखाली, झाडांच्या बुंध्यांशी सगळीकडे फिरवा. एकूण ६० ते ७५ टक्के पाणी असं तळातून काढा. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तापमानाला जुळणारं हवं. फिल्टरचा स्पंज काढलेल्याच पाण्यात पिळून धुवा, नळाच्या पाण्यात नको, नाहीतर जिवाणू मरतील आणि अशक्त माशांना अमोनियाचा त्रास सुरू होईल. मग कार्बन घालून एक-दोन दिवस ठेवा. काढलेलं पाणी सांडपाण्यातच जाऊ द्या. तळं, ओढा, बागेतला मत्स्यकुंड यांत ते ओतू नका.

पुढचे दोन-तीन दिवस थोडे कठीण जाऊ शकतात. ज्या माशाच्या आतड्यात जंतांची गर्दी होती त्याच्या अस्तरावर जखमा राहतात, त्यातून जिवाणूंचा संसर्ग होतो, किंवा लुळ्या जंतांचा गोळा आतडं तुंबवतो. पाठीचा कणा दिसेल इतका खंगलेला मासा औषध अचूक देऊनही मरू शकतो. ते औषधाचं अपयश मानून दुसरी मात्रा लगेच टाकू नका. बाकीच्यांना अगदी कमी, पचायला हलकं खाणं दिवसातून दोन-तीनदा द्या आणि आठवडाभर दर दोन दिवसांनी तळ सायफन करत राहा.

आता दुसरी मात्रा. लेव्हामिसोल माशाच्या आतले जंत पाडतं. तळातल्या अळ्या आणि सायक्लॉप्सच्या पोटात बसलेल्या अळ्या त्यातून वाचू शकतात. त्या पुढच्या काही आठवड्यांत माशात जाऊन वाढायला लागतात. त्यांना पिल्लं घालायच्या वयाला पोचण्याआधी गाठायचं, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी हाच सगळा क्रम पुन्हा करायचा: उपवास, अंधार, २४ तास, सायफन. तुमच्याकडे मासे मेले आहेत, म्हणजे लागण जुनी आणि भारी आहे, त्यामुळे आणखी तीन आठवड्यांनी तिसरी मात्राही द्याच, लाल टोकं दिसत नसली तरी. पहिल्या मात्रेनंतर मासे टवटवीत दिसायला लागतात आणि दुसरी मात्रा राहून जाते. मग दोन महिन्यांनी परत तेच.

तीन वेळा नीट करूनही जंत दिसलेच, तर दुसऱ्या गटातलं औषध, फेनबेंडाझोल, वापरून बघा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खाण्यातून द्यायचं. प्रमाण खाण्याच्या वजनाच्या ०.२५ टक्के, म्हणजे १० ग्रॅम खाण्यात २५ मिलिग्रॅम. दहा टक्के तीव्रतेचं द्रावण असेल तर पाव मिलिलिटर, जे सुईशिवायच्या १ मिलिलिटरच्या इंजेक्शनच्या नळीने अचूक मोजता येतं. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवा, हाताला सोसेल इतकं निवल्यावर त्यात बारीक केलेलं खाणं आणि औषध घाला, पातळ थर पसरून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या आणि गप्पीच्या तोंडात मावतील असे कण करा. सलग तीन दिवस हेच खाणं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. यात दोन अडचणी आहेत. जो मासा खात नाही त्याला औषध मिळतच नाही, आणि फेनबेंडाझोल गोगलगायींना मारतं. खडीत ते बराच काळ रेंगाळत असल्यामुळे नेराइट नंतरही त्या टँकमध्ये तग धरत नाहीत. म्हणून ते पहिल्यांदा न देता हातचं राखून ठेवावं.

लेव्हामिसोलमध्ये गोगलगायी सहसा जगतात, पण सुस्तावून काचेवरून गळून पडतात. उलट्या पडलेल्या नेराइटना स्वतःहून सरळ होणं जड जातं, तेवढ्या हाताने सरळ करा. त्यांना बाहेर काढून ठेवायचं असेल तर वेगळ्या, मासे नसलेल्या भांड्यात तीन आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला त्याचं पूर्ण पाणी बदला, नाहीतर पाण्याच्या थेंबांतून अळ्या परत येतील.

लाल टोकं दिसत नाहीत पण मासा खातोय आणि तरी वाळतोय, अशी स्थिती पुढे कधी आली तर सरळ लेव्हामिसोल टाकू नका. ताजी विष्ठा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. १०० पट मोठं केल्यावर दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी पिंपाच्या आकाराची अंडी दिसली तर तो कॅपिलॅरिया. तो डिस्कस आणि एंजलमध्ये जास्त असतो आणि त्यावर फेनबेंडाझोल चांगलं चालतं. पांढरे, चपटे, खंडाखंडांचे तुकडे दिसले तर पट्टकृमी. त्याला प्राझिक्वांटेल, लिटरला सुमारे २.५ मिलिग्रॅम. ते गोलकृमींवर चालत नाही. ४०० पटीला झरझर धावणारे बारीक जीव दिसले, तर मात्र मेट्रोनिडाझोल बरोबर.

जाळी, बादल्या, सायफनची नळी गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करा. कोरडेपणा अळ्यांना सोसत नाही. दुसरा टँक असेल तर त्याची जाळी वेगळीच ठेवा. मासे असलेल्या तळ्यातून आणलेलं जिवंत खाणं बंद करा, त्यातूनच सायक्लॉप्स येतात. नवे मासे चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. त्याला खडी नको, नुसता स्पंज फिल्टर आणि उघडा तळ पुरे, म्हणजे पडलेला प्रत्येक धागा दिसतो. पिल्लं घालणाऱ्या माशांना तिथेच लेव्हामिसोलच्या दोन मात्रा, तीन आठवड्यांच्या अंतराने, देऊन मग मुख्य टँकमध्ये सोडा.

मुलांची काळजी रास्त आहे, पण कॅमॅलॅनस माणसाला होत नाही. हात धुवायचे ते दुसऱ्या कारणासाठी. टँकच्या पाण्यात क्षयरोगाच्या जातकुळीतला मायकोबॅक्टेरियम मरायनम हा जिवाणू असू शकतो आणि तो हातावरच्या जखमेतून आत शिरून चिवट गाठी करतो. मासे न खंगता मरत असोत वा खंगून, हाताला खरचटलेलं असेल तर सायफन करताना हातमोजे घालाच, आणि तोंडाने नळी ओढून पाणी चालू करू नका.

आणि तिसऱ्या मात्रेनंतर एक महिना लाल टोक दिसत नाही तोपर्यंत या टँकमधली पिल्लं, झाडं किंवा गोगलगायी कुणालाही देऊ नका.